तासकड्यावरची गोचीड

रक्तगणना सुरू झाल्यापासून आडदऱ्याच्या डोंगरात खोटं बोलायची सोय उरली नव्हती.

पूर्वी भिंतीला कान असतात असं म्हणायचे. इथे गवताला तोंड फुटलं होतं. पावसाळा सरला की संशोधन केंद्रावरची पोरं फ्लॅनेलच्या पांढऱ्या चादरी गवतावरून ओढत सगळा डोंगर पालथा घालत आणि चादरीला चिकटलेल्या गोचिडी नळ्यांमध्ये भरत. गोचिडीच्या पोटात ज्याचं रक्त, तो प्राणी त्या जागी येऊन गेला, असा साधा हिशेब होता. कॅमेरे नकोत, मचाणं नकोत, पाणवठ्यावर डास मारत बसणं नको. भेकरं किती, साळिंदरं किती, गवे किती, सगळं गोचिडीच सांगत.

माणसांचंही सांगत. डोंगरात वावरणाऱ्या मोठ्या माणसांचे रक्ताचे नमुने केंद्राने घेऊन ठेवले होते. त्यामुळे साळिंदर मारून "मी तर मेहुण्याच्या लग्नाला होतो" म्हणणारा एक गडी पहिल्याच वर्षी सापडला. दुसऱ्या वर्षी त्याला पकडणारा वनरक्षक सापडला. हा गृहस्थ दर आठवड्याला कड्यावर गस्त घालत असल्याचं छातीठोकपणे सांगे, पण तिथल्या एकाही गोचिडीने त्याच्या रक्ताची चव घेतलेली नव्हती. "गोचिडास्नीबी ह्यो गडी ठावा न्हाई," म्हणत आडदऱ्याची धनगरवस्ती पोट धरधरून हसली.

वैजंता झोरे तेवढी हसली नाही. तिला हसू येऊन गेलं असतं तरी कळलं नसतं. आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा धाकलू तासकड्याच्या बाजूला गेला आणि परत आला नाही, तेव्हापासून तिचं हे असं झालं होतं. वेळेवर उठायची, म्हशी पिळायची, चुलीवर आधण ठेवायची. वस्ती म्हणायची, बाई कणखर आहे. कणखर वगैरे काही नव्हती ती. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपलाच असून आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

त्या वर्षी केंद्रावरून तिला निरोप आला, की डॉक्टरबाईंनी बोलावलं आहे.

डॉ. नंदिता रेगे गेली अकरा वर्षं गोचिडींवर काम करत होत्या. वस्तीवरच्या बायका त्यांना तोंडावर 'डाक्टरीणबाई' आणि मागे 'गोचीडबाई' म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना त्याचा राग नव्हता. त्यांनी वैजंताला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तो यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. वाईट बातमी देणारी माणसं चहाची वाट बघत नाहीत, हे वैजंताला अनुभवाने ठाऊक होतं.

"वैजंताताई, तुमच्या म्हशींना लागते ती गोचीड वेगळी," रेगे म्हणाल्या. "तासकड्यावर एक दुसरीच जात आहे. आम्ही तिला कडेगोचीड म्हणतो. ह्या डोंगररांगेतले पाच-सहा पश्चिमेकडचे कडे सोडले तर ती कुठेच मिळत नाही. जिथे कपारीत बारा महिने पाझर असतो आणि खालून धुकं वर चढतं, तिथेच जगते."

"बरं," वैजंता म्हणाली.

"ती आयुष्यात तीनदाच जेवते. अंड्यातून निघाली की एकदा, उंदराला किंवा पालीला चिकटून. मग कात टाकते आणि वाट बघत बसते. मधल्या वयात दुसऱ्यांदा, ससा, साळिंदर, जे येईल त्याला चिकटून. पुन्हा कात, पुन्हा वाट. आणि मोठी झाली की तिसऱ्यांदा, भेकराला नाहीतर गव्याला धरून. मग अंडी घालते आणि मरते. पण कड्यावर येणार कोण? दोन जेवणांमध्ये वर्षंच्या वर्षं जातात. म्हणून तिने एक युक्ती केली आहे. प्यालेलं सगळं रक्त ती पचवत नाही. थोडं पोटाच्या भिंतीला कडेकडेने गोल लावून ठेवते. आम्ही त्याला रक्तवलय म्हणतो. उपासाच्या दिवसांत त्यातलं जरा जरा खरवडून खाते."

"आमी तूप ठिवतो तसं."

"अगदी तसं. म्हणून दुसऱ्या गोचिडी फक्त शेवटचं जेवण सांगतात, ही मात्र आयुष्यभराचं सांगते." रेगेंनी तासकड्याचा नकाशा पुढे सरकवला. "यंदा आमची पोरं पहिल्यांदाच दोर सोडून कड्याच्या पोटात उतरली. वरून दिसत नाही अशी एक कपार आहे, रानकेळीच्या मागे. तिथे गवताच्या टोकावर एक कडेगोचीड मिळाली. तिसऱ्या जेवणाची वाट बघत होती. तिचं दुसरं जेवण माणसाचं आहे."

वैजंता चहाच्या कपाकडे बघत राहिली. तो केव्हा आला ते तिला कळलं नव्हतं.

"ते रक्त कोंडूदादांच्या नमुन्याशी जुळतं, पण त्यांचं नाही. त्यांच्या सख्ख्या भावाचं आहे."

कोंडू म्हणजे तिचा दीर. त्याला सख्खा भाऊ एकच होता.

"ही गोचीड जागा सोडत नाही," रेगे हळू म्हणाल्या. "जिथे गळून पडते तिथून दहा हातसुद्धा सरकत नाही. पूर्ण खात्री करायला तुमच्या मुलीच्या रक्ताचा एक थेंब लागेल. तुमची परवानगी असेल तरच."

"कवाचं हाय?"

"काय?"

"ते रगात. कवाचं हाय त्ये कळतं का?"

"कळतं. आधी खात्री होऊ द्या."

रेगेंना वाटलं, बाई नवऱ्याच्या मरणाची तारीख विचारते आहे. वैजंता दुसरंच काही विचारत होती, आणि ते समजायला त्या साली काय घडलं ते माहीत हवं.

धाकलू गेला तो भाद्रपदाच्या मध्यावर, चुकलेलं रेडकू शोधायला. तीन दिवस हाताचा पंजा दिसत नव्हता असं धुकं होतं. रेडकू दुसऱ्या दिवशी आपसूक आलं, धाकलू आला नाही. कोंडू आणि वस्तीचे गडी कड्याच्या वरून, खालून, ओढ्याओढ्याने फिरले, पण ओढे भरून गर्जत होते, हाक मारली तरी ऐकू जात नव्हती. सरकारी माणसंही दोर घेऊन आली, धुक्यात दोन दिवस बसून परत गेली. पुढे घट बसायची वेळ जवळ आली. मर्तिक अर्धवट ठेवून देव बसवता येत नाहीत, आणि देव बसवल्याशिवाय वस्ती कशी राहणार? मग जाणत्यांनी ठरवलं ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलंच होतं. देह मिळत नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. कोंडूने दिला. नारळ फुटला तेव्हा बायकांनी गळा काढला. वैजंताही त्यात होती. ती शेवटचं रडली ते तेव्हा.

पुतळा जळाला की माणूस मेला. हे नुसतं बोलण्यापुरतं नसे. त्याचं नाव घेऊन कुणी हाक मारायची नाही, त्याचं ताट मांडायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, मेलेल्याने हाक मारली तर ओ द्यायची नाही. ओ दिली की तो घरात येतो.

दोन दिवसांनी, भर दुपारी, म्हशी कड्याच्या अंगाला चरत असताना हाक आली. "वैजेऽऽ!" खालून, धुक्यातून. आवाज धाकलूचाच होता, त्यात कुणाला शंका नव्हती. म्हणूनच सगळे घाबरले. तिथे सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि म्हशी वळवल्या. वैजंतानेही आपली म्हैस वळवली.

पाच वर्षांची गोजरी तिच्या कडेला होती. तिला कुणी नियम शिकवला नव्हता. बापाची हाक ऐकून ती खुशीत ओरडली, "ओऽऽ!" वैजंताने तिच्या तोंडावर हात दाबला, इतका जोरात की पोरीचा दुधाचा दात ओठात रुतला.

हाका काही दिवस येत राहिल्या. भगत आला. त्याने दहीभाताचा निवद द्रोणात बांधून कड्यावरून खाली सोडायला सांगितला, कोंडूने सोडला. त्यानंतर हाका विरळ झाल्या आणि मग थांबल्या. "पावला," भगत म्हणाला. "गप झाला." वस्तीने सुटकेचा निःश्वास टाकला.

पण गोजरीने ओ दिली होती. तेव्हापासून ती 'लागलेली' पोर झाली. गळ्यात ताईत आला. तिला कड्याकडे सोडायचं नाही, तिच्या हातचं विरजण लावायचं नाही, नव्या नवरीच्या समोर तिला येऊ द्यायचं नाही. आता ती तेरा वर्षांची होती, आणि खालच्या वस्तीतल्या बायका आत्ताच सांगून मोकळ्या झाल्या होत्या की असली सून कुणी करणार नाही. गोजरी कुणाशी भांडत नसे. कुणी वाकडं बोललं की ती ताईत दातात धरून चावत बसे.

तेव्हा वैजंताचा प्रश्न असा होता: ती हाक मेलेल्याची होती की जित्याची? मेलेल्याची असेल तर तिने आणि वस्तीने योग्य तेच केलं, आणि पोर खरंच लागलेली. जित्याची असेल तर पोर निर्मळ, आणि मग बाकीचे कोण?

गोजरीच्या बोटाला सुई टोचली तेव्हा तिने विचारलं, "कशापायी?"

"गणनेला लागतंय," वैजंता म्हणाली.

पोरीने रक्ताच्या थेंबाकडे बराच वेळ पाहिलं. त्यात काही वेगळं दिसतं का, ते ती शोधत असावी.

पंधरवड्याने रेगेंनी पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी पडद्यावर गोचिडीच्या पोटातलं वलय मोठं करून दाखवलं. तांबूस-काळा गोल, आणि त्यावर कांद्यासारखे पातळ पातळ पदर.

"रक्त धाकलूदादांचंच आहे," त्या म्हणाल्या. "आता हे पदर बघा. कपारीत पहाटे गारठा पडतो. त्या गारठ्याने वलयावर रोज एक पापुद्रा धरतो. दुधावर साय धरते ना, तसा. हे पापुद्रे मोजत मागे गेलं की गोचीड कधी प्यायला बसली ते कळतं. चार-पाच दिवसांची चूक होऊ शकते, जास्त नाही."

"मग?"

रेगेंनी तारीख सांगितली. पुतळा कधी जाळला ते त्यांना माहीत नव्हतं. वैजंताला माहीत होतं. तिने मनात मोजलं. चार-पाच दिवस इकडे धरले तरी, तिकडे धरले तरी, गोचीड चिकटली ती पुतळा जळल्यानंतरच.

"मेलेल्याला चिकटती का वो गोचीड?"

"नाही. तिला ऊब लागते, श्वास लागतो. रक्त वाहायचं थांबलं की ती सोडून देते. आणि ही तर पोटभर प्यायली आहे, आठवडाभर तरी." रेगेंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "त्यांना दुखलं नसेल, ताई. चावायच्या आधी ती कातडी बधिर करते. म्हणूनच तर तिला कुणी काढून टाकत नाही."

"व्हय," वैजंता म्हणाली. "कळत न्हाई ते."

"एक गोष्ट मात्र आम्हाला उलगडत नाही. उपाशी माणसाचं रक्त दिवसागणिक पातळ होत जातं, तसं इथे झालेलंच आहे. हे बघा, आतून बाहेर फिकट होत गेलंय. पण मध्येच हा एक दाट पट्टा आहे. त्या दिवशी त्यांच्या पोटात काहीतरी गेलं. रानकेळं नव्हे. दुधातलं काहीतरी, आणि भात किंवा तसलं काही धान्य. त्या कपारीत हे कुठून आलं असेल?"

वैजंता पट्ट्याकडे बघत राहिली. लांबून तो केसाएवढाच दिसत होता.

"दहीभात," ती म्हणाली. "निवद व्हता. आमीच टाकला."

मग तिने रेगेंना सगळं सांगितलं, पुतळा, हाका, भगत, द्रोण. निवडुंगाचे काटे काढताना माणूस बोलतो तशा आवाजात सांगितलं. रेगे शास्त्रज्ञ होत्या, पण त्यांनी मध्येच पडदा बंद केला.

"त्यो भात कुणाला म्हून टाकला आन्‌ कुणी खाल्ला," वैजंता म्हणाली. "आपुन हितं हाय त्ये वरच्यास्नी कळलं, आसं त्येला वाटलं आसंल. वरनं भात आला म्हंजी आता मानसं येत्याल."

रेगेंनी गोजरीच्या नमुन्याचा कागद पुढे ओढला. त्या म्हणाल्या, "नाव मी जाहीर करणार नाही. पण नियम असा आहे की ज्याने रक्त दिलं त्याला निकाल कळलाच पाहिजे. गोजरीला सांगावं लागेल. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"म्या सांगीन."

घरी येऊन तिने आधी कोंडूला सांगितलं. तो गोठ्यात दावी बदलत होता. ऐकताना त्याचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "वैनी, पोरीला ह्यातलं काय सांगू नगा."

"मग जलमभर तिनं लागीरच व्हऊन ऱ्हायाचं का, भावजी?"

"लागीर म्हनून दोन घरं नावं ठिवत्याल. हे कळलं तर ती आपल्याला काय म्हनंल?" त्याने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. "द्रोन म्या सोडला व्हता, वैनी. वाकून बघायला नगं म्हनला भगत. म्हून न्हाई बघितलं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पोरीला सोडवायचं तर तिच्या हातात स्वतःची मान द्यायची होती. न द्यावी तर पोर ताईत चावत म्हातारी होणार. वैजंताला भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटेना. जे वाटायचं ते सगळं आठ वर्षांपूर्वी कड्यावर राहिलं होतं, आणि आता फक्त करायचं तेवढं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गोजरीला समोर बसवलं, तिच्या गळ्यातला ताईत कापला आणि चुलीत टाकला.

"तुला काय बी लागल्यालं न्हाई," ती म्हणाली. "तवा तुजा बा जित्ता व्हता. कपारीत पडला व्हता. त्यानं हाक मारली आन्‌ तू जित्त्या मानसाला ओ दिलीस. लई चांगलं केलंस."

गोजरीच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग हळूहळू ती ताठ बसली. एवढी ताठ बसलेली तिला कुणी पाहिली नव्हती. तिचा हात सवयीने गळ्याकडे गेला आणि रिकामाच खाली आला.

"म्या ओ दिली ती त्यानं ऐकली आसंल?"

"ऐकली आसंल."

पोरगी हसली. आणि हसतानाच पुढचं तिच्या ध्यानात आलं.

"मग तू का न्हाई दिलीस, आये?"

"पुतळा जाळला व्हता," वैजंता म्हणाली. इतकी वर्षं हे उत्तर सगळ्यांना पुरत आलं होतं. भगताला, दिराला, तिला स्वतःला. पोरीनेही ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि ओठावरच्या त्या जुन्या वणावरून जीभ फिरवली. रडली नाही, भांडली नाही.

रेगेंनी नाव फोडलं नाही, पण डोंगरात बातमीला पाय फुटतात. महिनाभरात आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांना कळलं. गोजरीच्या हातचं विरजण लोक घेऊ लागले. एक-दोघींनी तर तिला ओवाळलं. पण दुसरंही काही सुरू झालं. पलीकडच्या वस्तीत एक म्हातारा नुकताच हरवला होता. त्याच्या सुनेने पुतळा जाळायला साफ नकार दिला, आधी गोचिडी तपासा म्हणाली. केंद्रावर बायांची रीघ लागली. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा, कुणाच्या जुन्या जुन्या हाका. रेगे प्रत्येकीला समजावून सांगत, की कडेगोचीड दुर्मिळ आहे, मिळेलच असं नाही, आणि सगळे कडे दोर सोडून उतरायलाच दहा-बारा वर्षं लागतील. बाया म्हणत, थांबू. पुतळे जळेनात, देव बसेनात, ताटं मांडलेली राहू लागली. त्या डोंगरात माणूस हरवायचा पूर्वीसारखाच, पण मरायचा मात्र बंद झाला.

वैजंता तिच्या कामाला लागली होती. एका दुपारी म्हशी पाण्यावर आणायच्या होत्या. त्यातली तांबडी पुढे निघाली आणि गोजरी तिच्या अगदी जवळ उभी होती.

"गोजरेऽऽ!" वैजंताने हाक मारली. "तांबडीला वळीव गं!"

ओ आली नाही. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. ती दोन पावलं पुढे झाली. मधे धुकं नव्हतं, झाड नव्हतं, ऊन स्वच्छ होतं. पोरगी वीस पावलांवर उभी होती आणि वळून थेट तिच्याकडेच बघत होती. डोळ्यांत राग नव्हता. फक्त तोंड मिटलेलं होतं.

"गोजरे!"

गोजरीने मान खाली घातली आणि म्हैस वळवली.

तेव्हा वैजंताला दुखलं. आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि एकदम सगळं. तिने छातीवर हात धरला, खाली बसली, आणि बसल्या जागेवरून पुन्हा हाक मारली.